बहिणीला वगळून वाटणी कसली?



बाप गेला की तेरावा उरकायच्या आत बांधावरून भांडणे निघतात. मग दिवाणी दावा, आणि तो नातवापर्यंत चालतो. म्हणून आम्ही म्हणतो, वाटणी घरातच करा. तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज द्या. फेरफार मंजूर झाला की सर्व वारसांनी मिळून जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज करावा. सर्वांची संमती असेल तर वकील कशाला?

पण 'आपसात मिटवले' म्हणजे बहुतेक घरांत भावाभावांनी मिटवले! बहिणीला साडीचोळी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच वाटेकरी झाली. त्या वेळी बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. विधवा आईही वारस आहेच. यांपैकी एकीनेही हक्काचा वाद काढला, तर तहसीलदाराला थांबावे लागते. घर कोर्टात नेतो तो भावांचा लोभ. बहिणीचा हट्ट नव्हे.

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. पुढे लक्ष्मीमुक्तीत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनी केल्या. त्या चळवळीचे आपण पाईक. सरकारकडे घामाचे दाम मागायचे आणि बहिणीचा हिस्सा फुकटात लाटायचा, हे चालणार नाही.

वाटणीच्या बैठकीला बहिणीला आणि आईला बोलवा. सातबारा त्यांच्यासमोर वाचा, हिस्सा मोजून सांगा. त्यानंतर कोणी राजीखुशीने सोडला तर तिची मर्जी. आधी सही मागणे ही समजूत नव्हे, लूट आहे.