समुद्राचा चष्मा

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला लागू लागला की मध्यमवर्गीय घरात दोन प्रश्न उभे राहतात. उरलेल्या चिवड्याचे काय करायचे, हा पहिला. आणि मुलांच्या उरलेल्या सुट्टीचे काय करायचे, हा दुसरा. पहिला प्रश्न शेजाऱ्यांच्या मदतीने सुटतो. दुसऱ्याचे उत्तर हल्ली पुष्कळ घरांत ‘मालवण’ असे निघते. किल्ला बघायचा, सोलकढी प्यायची आणि तोंडाला मास्क लावून, पाण्यावर पालथे तरंगत समुद्राच्या पोटात डोकावायचे. या शेवटच्या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात, हे आता शाळकरी पोरेही आपल्याला सांगतात.

वर्षभर या सदरात आपण कुकरपासून छत्रीपर्यंत अनेक वस्तूंची पारख केली. छत्री गळकी निघाली तर फार तर सर्दी होते. मास्क गळका निघाला तर काय होते? नाकात चार थेंब पाणी जाते. माणूस दचकतो, घाईने श्वास घेतो, तो घोट पाण्याचाच निघतो. मग तो मान वर करून हातपाय झाडू लागतो आणि दोन मिनिटांत दमतो. पट्टीचा पोहणारासुद्धा असा गडबडतो. म्हणून हे सामान निवडताना मी एकच कसोटी लावतो: याने श्वास शांत राहील का? रंग, डबा आणि किंमत यांचा विचार त्यानंतर.

आरंभ मास्कपासून करू. पाण्यात उघड्या डोळ्यांना धूसर का दिसते? आपल्या डोळ्याचे पुढचे पारदर्शक बुबुळ हवेतून येणारा प्रकाश वाकवून आत नेमका जुळवते. पाण्यात मात्र बुबुळ आणि पाणी यांचे गुणधर्म जवळजवळ सारखे असल्याने प्रकाश पुरेसा वाकतच नाही. मास्क एवढेच करतो, की डोळ्यापुढे हवेचा एक कप्पा ठेवतो. सारी जादू त्या ओंजळभर हवेची! काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू मात्र पाऊण अंतरावर आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी भासते. तेव्हा सहलीहून परतलेले गृहस्थ ‘मासा एवढा होता’ म्हणून हात पसरतील, तर त्यांना खोटारडे ठरवू नका. मनातल्या मनात चौथा हिस्सा वजा करा.

मास्कने नाक झाकलेच पाहिजे. तलावात पोहण्याचा लहान चष्मा येथे चालत नाही. दोन-तीन मीटर खाली बुडी मारली की पाण्याचा दाब त्या कप्प्यातली हवा आवळतो आणि चष्मा डोळ्यांना ओढू लागतो. नाक आत असेल तर नाकातून थोडी हवा सोडून तो दाब सारखा करता येतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, यावरून कल्पना येईल. आपल्याला तिथवर जायचे नाही; पण समुद्राचा हिशेब पहिल्या हातापासूनच सुरू होतो.

दुकानात मास्कची परीक्षा अशी घ्यावी. पट्टा मागे न बांधता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवावा, कपाळावरचे केस बाजूला सारावेत आणि नाकाने हलका श्वास आत ओढून धरावा. हात काढल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. सुटून पडला, की तो कितीही नामांकित असो, परत करावा. पट्टा करकचून आवळला म्हणजे न बसणारा मास्क बसतो, हा समज खरा नाही. उलट कडा वाकते आणि जास्तच गळते. म्हणून नवऱ्याने बायकोसाठी किंवा आईने मुलासाठी ‘अंदाजाने’ मास्क आणू नये. ही साडी नव्हे. ज्याचा चेहरा, त्यानेच दुकानात जावे. कडा मऊ सिलिकॉनची आणि काच टेम्पर्ड असावी. साधी काच फुटली तर तिचे तुकडे डोळ्यापाशीच असतात, हे विसरू नये. मिशाळ मंडळींना एक सूचना: नाकाखालची बोटभर मिशी मास्कच्या कडेखाली येते आणि तेथून पाणी झिरपते. अभिमान आणि कोरडे नाक यांतले एक निवडावे लागेल!

चष्मा लावणाऱ्यांनी निराश होऊ नये. मास्कच्या आत नेहमीचा चष्मा घालता येत नाही, कारण काड्यांमुळे कडा उघडी राहते. पण नंबराच्या तयार काचा बसवलेले मास्क मिळतात. त्यांत बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबराचा फरक असतो. आमच्या वाचकांपैकी निम्म्यांना तरी चष्मा असेल. एवढा प्रवास करून समुद्राच्या तळाशी नुसते रंगीत धुके पाहून यायचे, यापरीस हा खर्च सार्थकी लागतो.

नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. त्याने वाफ धरते. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून दोन-तीनदा बोटाने चोळून धुवावी. पाण्यात उतरण्यापूर्वी बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून खळबळून टाकावा. जुने पाणबुडे थुंकीच फिरवतात. तीही तितकेच काम करते, पण मालवणच्या धक्क्यावर सासूबाईंच्या देखत करायचे ते धाडस ज्याचे त्याने ठरवावे.

आता नळी, म्हणजे स्नॉर्केल. महाभारतातला दुर्योधन द्वैपायन डोहात लपला. त्याच्यापाशी जलस्तंभनाची विद्या होती. आपल्यापाशी फूट-सव्वाफूट नळी. मुले हमखास विचारतात, ‘नळी आणखी लांब केली तर तळाशी बसता येणार नाही का?’ नाही. मीटरभर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा सुमारे शंभर ग्रॅम जादा भार येतो. तो उचलून श्वास घ्यायला आपले स्नायू समर्थ नाहीत. शिवाय सोडलेला श्वास लांब नळीत तसाच साचतो आणि पुन्हा तोच आत येतो. म्हणून पस्तीस ते चाळीस सेंटिमीटर लांबीची नळी बेताची. याच कारणाने मोठ्यांची नळी लहान मुलाला देऊ नये. त्याचा श्वास लहान, तेव्हा त्याची नळीही आखूड आणि बारीक हवी. तोंडात धरायचा तुकडा मऊ असावा. दहा मिनिटांत जबडा दुखला तर तो मोठा आहे असे समजावे.

नळीच्या टोकाला लाटेचे शिंतोडे अडवणारी टोपी आणि तळाशी पाणी सांडायची झडप, एवढ्या दोन सोयी पुरेत. पाणी शिरलेच तर चुलीवर फुंकणी मारावी तशी एक जोरदार फुंकर मारायची, की नळी मोकळी. हे आधी कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा करून पाहावे. अख्खा चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोपे. पण नळीचा तुकडा थुंकून टाकावा तसे ते पटकन दूर करता येत नाहीत, आणि त्यांच्या पोकळीत सोडलेला श्वास साचू नये यासाठी आतली रचना चोख असावी लागते. स्वस्त नकलांच्या वाटेला तर जाऊच नये.

पायाला लावायच्या फिन्स ही तिसरी वस्तू, आणि माझ्या मते पहिल्या खेपेला सर्वांत कमी गरजेची. घ्यायच्याच तर टाच झाकणाऱ्या, मऊ आणि आखूड पात्याच्या घ्याव्यात. ढिल्या असतील तर पाण्यात निसटतात, घट्ट असतील तर पायात गोळे आणतात. त्या होडीत बसल्यावर किंवा पाण्यात शिरल्यावरच चढवाव्यात.

फिन्सबाबत आणखी एक गोष्ट मालवणात फार महत्त्वाची. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, त्या किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर आज प्रवाळांची वस्ती आहे. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. दमलेला पाहुणा ‘दगड’ समजून त्यावर उभा राहिला, किंवा नवख्याच्या फिनचा तडाखा बसला, तर कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. आणि खडकाला धारदार कालवे असतील तर पाऊलही कापते. उभे राहायची वेळच येऊ नये, याची तजवीज चौथ्या वस्तूने होते.

ती म्हणजे लाइफ जॅकेट. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी ते अंगावरून काढू नये, आणि येते त्यांनीही लाजू नये. त्याच्या खांद्याचे पट्टे कुणाला तरी वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीवरून कानाकडे सरकले तर ते मोठे आहे. मुलाला मोठ्याचे जॅकेट ‘चालेल’ म्हणून घालू नये. ते अंगातून वर निसटते. तोंडाने फुगवायचे पातळ जाकीट पोहणाऱ्याला तरंगायला मदत करते. न पोहणाऱ्याचा जीव त्यावर सोपवू नये. शिवाय लांब बाह्यांचा सदरा हवाच. पालथे तरंगताना पाठ उन्हात भाजते, हे रात्री अंथरुणावर पडल्यावरच कळते.

मग विकत काय घ्यावे? माझे मत असे: मास्क आणि नळी स्वतःची, कारण एक चेहऱ्याशी आणि दुसरी तोंडाशी जडलेली. फिन्स आणि जॅकेट भाड्याने. मात्र बक्कल, पट्टा आणि माप तपासून. घरी आल्यावर सारे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. उन्हातल्या मोटारीत ठेवू नये.

आणि वेळ नीट निवडावी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला तरी पावसाचा गाळ लगेच बसत नाही. दिवाळीतही पाणी गढूळ असू शकते. डिसेंबर ते फेब्रुवारीत ते सहसा अधिक निवळते. लक्षद्वीपच्या खाजणासारखे नितळ पाणी मालवणात मागू नये. होडीवाला ‘आज नको’ म्हणाला, तर त्याच्याशी घासाघीस करू नये. दोघांनी जोडीने उतरावे, आणि ज्याचा श्वास आधी वाढला त्याच्यासाठी दोघांनीही परतावे. मासे दुसऱ्या दिवशीही तेथेच असतात.