कमावत्या लेकाची उपेक्षा : ‘ॲपल टू’ची कहाणी

१/ संगणकाच्या इतिहासात १९८४ हे वर्ष मॅकिंटॉशच्या नावे नोंदले गेले आहे. २४ जानेवारीच्या त्याच्या अनावरणाची वर्णने आजही आवडीने वाचली जातात. मात्र त्या काळात ॲपलचा संसार कोणाच्या कमाईवर चालला होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर आहे ‘ॲपल टू’.

२/ एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हा संगणक लोकांसमोर आला. त्याचा रचनाकार स्टीव्ह वॉझ्नियाक. झाकण सहज उघडावे आणि आतल्या आठ स्लॉटांत हवी ती कार्डे बसवावीत, अशी ही रचना होती. १९७८ च्या माहितीपुस्तिकेत तर सर्किटचा आराखडाही छापलेला होता. यंत्र विकत घेणाऱ्याला कंपनीने जणू घराच्या किल्ल्याच सोपवल्या होत्या.

३/ १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ आले आणि हिशेबनीसांनाही या यंत्राची गरज भासू लागली. पुढे ते अमेरिकेतील शाळाशाळांत पोहोचले. त्याच्यानंतरचे ‘ॲपल थ्री’ (१९८०) आणि ‘लिसा’ (१९८३) बाजारात अपयशी ठरले. ते नुकसान सोसले ते याच जुन्या यंत्राच्या कमाईने.

४/ २४ एप्रिल १९८४ रोजी कंपनीने ‘ॲपल टू फॉरेव्हर’ असा सोहळा भरवून ‘ॲपल टू-सी’ सादर केला. योगायोग असा की, त्याच दिवशी त्या परिसराला भूकंपाचा धक्का बसला. ‘फॉरेव्हर’ हा शब्द मात्र ग्राहकांनी मनावर घेतला.

५/ कंपनीचे लक्ष तोवर मॅकिंटॉशकडे वळले होते. घर थोरल्याने चालवावे आणि कौतुक धाकट्याचे व्हावे, तसेच हे झाले. १९८५ च्या आरंभी वॉझ्नियाकने कंपनीतील काम सोडले. ॲपल टूला मिळणाऱ्या वागणुकीबद्दलची नाराजी त्याने लपवली नाही.

६/ सप्टेंबर १९८६ मध्ये ‘टू-जीएस’ आला. रंग आणि ध्वनी यांत तो सरस होता, पण त्याचा वेग होता २.८ मेगाहर्ट्‌झ. इतर कंपन्यांनी वेग वाढवणारी कार्डे विकली. ॲपलने डिसेंबर १९९२ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत मूळ यंत्राचा वेग वाढवला नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘टू-ई’ही बंद झाला.

७/ कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. आठ बिटांच्या रचनेला मर्यादा होत्या आणि कोणतेही यंत्र अमर नसते. १९९१ मध्ये मॅकिंटॉश एलसीसाठी ‘टू-ई’ कार्ड देऊन तिने जुन्या सॉफ्टवेअरसाठी एक पूलही बांधला. त्यामुळे उत्पादन थांबवणे हा काही दोष नव्हे. दोष आहे तो तोंडाने चिरंतनाचा आशीर्वाद देत हाताने रसद तोडण्याचा. निरोप स्पष्ट शब्दांत मिळाला असता, तर शाळांना आणि कुटुंबांना आपल्या पुढच्या खरेदीचा विचार वेळीच करता आला असता.

८/ वापरकर्त्यांनी मात्र साथ सोडली नाही. १९८९ पासून ‘कॅन्सासफेस्ट’ या मेळाव्यात ते एकत्र येत आले आहेत. उघडता येणारे झाकण आणि छापलेला आराखडा त्यांच्या हाती होता, म्हणूनच ही यंत्रे दुरुस्त होत राहिली.

९/ इतिहासाच्या अभ्यासकाने अनावरणाच्या सोहळ्यांबरोबर जमाखर्चाच्या वह्याही वाचाव्यात. मॅकिंटॉशचे यश खरेच आहे. पण ते उभे राहीपर्यंत ज्यांनी ॲपलवर विश्वास ठेवून पैसे मोजले, त्यांची नोंदही त्याच पानावर व्हायला हवी.