आधी सगळ्यांना विचारा, मग वाट पाहा!

दोस्तांनो, आज संध्याकाळी स्वयंपाकघरात जरा डोकावून बघा. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर भाजी, आणि ओट्यावर कणीक मळणं चाललेलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कुणी हाताची घडी घालून उभं राहत नाही. समजा, कुकरला २० मिनिटं, भाजीला १५ आणि कणकेला १० मिनिटं लागतात. एक संपल्यावर दुसरं असं केलं, तर झाली ४५ मिनिटं! पण कुकर आणि भाजी चढवून त्याच वेळात कणीक मळली, तर २० मिनिटांत काम फत्ते.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय विशेष?" विशेष हे, की संगणकाला हीच गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते.

समजा, तुम्ही सहलीची माहिती देणारं एक वेबपेज उघडलंत. ते तयार करणाऱ्या संगणकाला म्हणतात सर्व्हर. पण सगळी माहिती त्याच्या स्वतःकडे नसते. तो हवामान एका दूरच्या संगणकाला विचारतो, गाड्यांच्या वेळा दुसऱ्याला, नकाशा तिसऱ्याला आणि राहण्याची सोय चौथ्याला. उत्तरं यायला अनुक्रमे ३००, २००, ४०० आणि १०० मिलिसेकंद लागतात असं धरू. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) आपला सर्व्हर भोळा असेल, तर पहिल्याला विचारील, उत्तराची वाट पाहील, मग दुसऱ्याकडे वळेल. एकूण १००० मिलिसेकंद, म्हणजे पुरता एक सेकंद! हुशार सर्व्हर चौघांनाही एकदमच विचारील. मग त्याला लागतील फक्त ४००.

नियम सोपा आहे. एकामागून एक विचारलं, तर वेळांची बेरीज होते. एकदम विचारलं, तर त्यांतली सर्वांत मोठी संख्या तेवढी उरते.

"पण संगणक आणि तारा आणखी वेगवान केल्या तर?" असं कुणी विचारील. इथे निसर्गच आडवा येतो. समुद्राखालच्या केबलमध्ये काचेचे बारीक तंतू असतात आणि त्यांतून संदेश प्रकाशाच्या रूपात धावतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन झाले २५ हजार. करा भागाकार! उत्तर येतं सेकंदाचा आठवा भाग, म्हणजे १२५ मिलिसेकंद. केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्तच लागतो. ही फेरी कितीही पैसे खर्चून टाळता येत नाही. मात्र दहा प्रश्नांसाठी दहा फेऱ्या एकापाठोपाठ एक करायच्या, की दहाही प्रश्न एकदम धाडायचे, हे आपल्या हातात असतं.

ही युक्ती तशी जुनीच. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून एकेक चित्र हळूहळू उमटायचं. त्या काळचा नेटस्केप हा ब्राउझर एका वेळी चार जोडण्या उघडून चित्रं मागवत असे. पण सगळेच असं करू लागले, तर सर्व्हरच्या दारात झुंबड उडायची! म्हणून जानेवारी १९९७च्या नियमावलीत सांगितलं गेलं, की एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त जोडण्या ठेवू नयेत. पुढे ब्राउझरांनी ही मर्यादा सहाच्या आसपास नेली. २०१५ साली एचटीटीपी-२ हे नवे नियम आले, आणि एकाच जोडणीवरून अनेक प्रश्न एकत्र पाठवता येऊ लागले.

मग काय, सगळं एकदमच विचारायचं? थांबा! कणीक मळल्याशिवाय पोळ्या लाटता येतात का? तसंच इथेही आहे. कोणत्या गावाला जायचं हे कळल्याशिवाय तिथलं हवामान कसं विचारणार? ज्या प्रश्नाला आधीच्या उत्तराची गरज असते, त्याला थांबावंच लागतं. म्हणून चांगला प्रोग्रामर आधी कागदावर मांडतो, की कोणतं काम कशावर अवलंबून आहे.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. समजा, प्रत्येक संगणक शंभरातून एकदाच रेंगाळतो. अगदी किरकोळ, नाही का? पण एका पानासाठी अशा १०० संगणकांना एकदम विचारलं, तर त्यांतला निदान एक तरी रेंगाळण्याची शक्यता होते ६३ टक्के! आणि सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय पान पूर्ण होत नाही, त्यामुळे एकाच्या आळसाची शिक्षा सगळ्यांना. यावर उपाय म्हणजे वेळेची मर्यादा घालायची. ठरलेल्या वेळेत हवामान आलं नाही, तर त्याची जागा रिकामी सोडून बाकीचं पान दाखवून टाकायचं. सहलीची बस एका मुलासाठी तासभर थांबवत नाहीत, तसंच!

आता तुमची पाळी. घ्या कागद-पेन्सिल!

ग्रंथालयाच्या पानाला चार गोष्टी हव्यात. सभासदाचा क्रमांक मिळायला २०० मिलिसेकंद. क्रमांक मिळाल्यावरच त्याच्या पुस्तकांची यादी, ३०० मिलिसेकंद. यादी आल्यावरच मुखपृष्ठांची चित्रं, २५० मिलिसेकंद. आणि ग्रंथालयाच्या सूचना, ज्यांना कशाचीच गरज नाही, ६०० मिलिसेकंद. पान कमीत कमी किती वेळात तयार होईल? आणि सर्वांत हळू असलेल्या सूचना ६००ऐवजी ३००मध्ये आल्या, तर किती वेळ वाचेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घाईनं देऊ नका. आई-बाबांनाही हे कोडं घाला, आणि ते फसतात का बघा! उत्तरं पुढच्या अंकात.