मांजर आलेल्या घरासाठी

यंदाच्या दिवाळी अंकातील या सदरात कोणत्या पुस्तकांविषयी लिहावे, या विवंचनेत मी होतो. तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडातील गृहस्थ माझे एक पुस्तक परत करायला आले. पुस्तकाचा वरचा कोपरा कुरतडलेला होता.

"माफ करा हं, प्रोफेसरसाहेब," ते ओशाळून म्हणाले, "आमच्याकडे मांजर आलंय."

मांजर 'आणलंय' असे ते म्हणाले नाहीत, 'आलंय' म्हणाले. क्रियापदाचा इतका अचूक वापर माझ्या वर्गातसुद्धा क्वचितच कानी पडतो. कुत्रा आणतात, मांजर येते. सद्गृहस्थ जरा घुटमळले आणि पुढे म्हणाले, "मुलीला मांजरावरचं काहीतरी वाचायला हवंय. खरं सांगायचं तर मलाही. काय देता?"

मराठीच्या मास्तराने अशा वेळी प्रथम स्वभाषेच्या कपाटाकडे वळावे हे ओघानेच आले. मी वळलो आणि थोडा खजील झालो. आपल्या वाङ्मयाने मांजरावर अन्यायच केला आहे. पंचतंत्रातला दधिकर्ण मांजर तपस्व्याचा आव आणून न्याय मागायला आलेल्या दोघांनाही गट्ट करतो. हितोपदेशातला दीर्घकर्ण पिल्ले खातो आणि आळ मात्र बिचाऱ्या आंधळ्या गिधाडावर येतो. महाबलीपुरमच्या त्या प्रचंड शिल्पपटात पंजे वर करून तप करणारे मांजर आहे, आणि त्याच्या पायाशी भाबडे उंदीर आहेत. म्हणी घ्या, तर मांजर डोळे मिटून दूध पिते; वाटेने निघाले, तर आडवे जाते. एवढ्या बदनामीत एकच गोड अपवाद मला आठवतो, तो दक्षिणेतील वैष्णव आचार्यांच्या मार्जारन्यायाचा. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहते, मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. भक्ताने त्या पिल्लासारखे निर्धास्त असावे, असे त्या पंथाचे म्हणणे. आणि हो, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेल्या 'श्यामची आई'च्या अखेरीस एक मांजरी आहे. ती पाने मी इथे सांगत नाही. ज्यांनी वाचली असतील त्यांना ती आठवतीलच.

तेव्हा मराठीची शीव ओलांडणे भाग पडले. पहिले पुस्तक अगदीच परके नाही. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ साली मुंबईतल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. त्याच्या १९०२ सालच्या 'जस्ट सो स्टोरीज'मध्ये एकट्याने हिंडणाऱ्या मांजराची कथा आहे. कुत्रा, घोडा आणि गाय माणसाच्या गुहेत जाऊन चाकरी पत्करतात. मांजर मात्र घरधनिणीशी करार करते, आणि तोही आपल्या फायद्याचा. मुलीला हीच कथा आधी द्या, असे मी सांगितले. तिला जोडून टी. एस. एलियटने १९३९ साली काढलेला मांजरांवरच्या गमतीदार कवितांचा छोटासा संग्रहही. एवढा गंभीर कवी, पण आपल्या धर्मपुत्रांना पत्रे लिहिताना मांजरांत रमला. १९८१ साली लंडनला त्याचे संगीत नाटक झाले आणि जगभर गाजले. कविता मात्र मोठ्याने वाचायच्या, मनात नव्हे.

वडिलांसाठी मी नात्सुमे सोसेकी काढला. हा आमच्याच जातीचा, म्हणजे मास्तर. तोक्योच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवीत असताना १९०५ साली त्याने एका मासिकात एक गोष्ट लिहिली. तिचा निवेदक मांजर, आणि त्या मांजराला नावसुद्धा नाही. गोष्ट एकाच अंकापुरती होती; ती लोकांना इतकी आवडली की पुढल्या वर्षापर्यंत लांबत गेली आणि 'मी एक मांजर आहे' या अर्थाच्या नावाची जाडजूड कादंबरी झाली. मांजराचा धनी शाळामास्तर आहे. तो पुस्तक उघडतो, दोन पाने वाचतो आणि त्यावरच झोपी जातो. त्याचे विद्वान मित्र येऊन तासन् तास थापा मारतात, आणि मांजर कोपऱ्यात बसून सगळे ऐकते. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचले, तेव्हा तीन दिवस स्टाफरूममध्ये तोंड उघडण्याचा मला धीर झाला नाही. पुस्तक मधे मधे फार पाल्हाळिक होते. तिथे बेलाशक पाने उलटावीत. मांजरसुद्धा तेच करील. ज्या मांजरावरून हे सुचले, ते १९०८ साली वारले तेव्हा सोसेकीने मित्रांना रीतसर निधनाची कार्डे पाठविली होती.

डॉक्टर जॉन्सनची गोष्ट मी शेजाऱ्यांना तोंडीच सांगितली, कारण बॉझवेलचा चरित्रग्रंथ कोणाच्या हाती ठेवणे म्हणजे शिक्षाच. एवढा मोठा कोशकार, पण आपल्या हॉज नावाच्या मांजरासाठी कालवे आणायला स्वतः बाजारात जाई. नोकराला पाठवले, तर त्या कटकटीपायी तो मुक्या जनावरावर राग धरील, ही त्याला काळजी.

आता शेवटचे पुस्तक. हे मी मुलीला दिले नाही, वडिलांना दिले. तेही जरा थांबून. डोरिस लेसिंगचे 'पर्टिक्युलरली कॅट्स', १९६७ सालचे. या बाईंना पुढे २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे बालपण दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, एका शेतावर गेले. तिथे मांजरांची पिल्ले वाढू न देण्याचे काम आईकडे असे. एका वर्षी आईने ते करायचे नाकारले. बघता बघता मांजरे चाळीसच्या घरात गेली, आणि अखेर आई बाहेरगावी गेली असताना वडिलांना त्यांना गोळ्या घालाव्या लागल्या. लेखिका हे सारे न रडता, न सजवता सांगते. आणि तीच बाई पुढे लंडनमध्ये आजारी काळ्या मांजरीला दिवसरात्र उशापायथ्याशी बसून जगवते. मांजराचे लाड करणारी पुस्तके पुष्कळ आहेत, मांजराकडे आणि स्वतःकडे सरळ पाहणारे असे पुस्तक मी दुसरे वाचले नाही.

मला ते झोंबले याला कारण आहे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही पुण्याच्या एका वाड्यात राहत होतो. आमच्या मनीला माळ्यावर चार पिल्ले झाली. डोळे नुकते उघडले होते. वाड्यात कुरबूर सुरू झाली, तेव्हा आईने बाजाराची पिशवी माझ्या हातात दिली आणि पुलापलीकडे सोडून ये म्हणाली. नदी ओलांडली की मांजर परत येत नाही, अशी तेव्हा समजूत. मी दहा वर्षांचा. लकडी पुलावरून जाताना पिशवी हातात हलत होती. पलीकडच्या एका हॉटेलामागच्या बोळात मी ती रिकामी केली आणि पळत घरी आलो. मनी चार दिवस माळ्यावरून जिन्यात आणि जिन्यावरून माळ्यावर ओरडत हिंडत होती. त्या विषयावर आमच्या घरी पुन्हा कोणी बोलले नाही.

आज असे करण्याची गरज उरलेली नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या हाती आणखी एक पुस्तक दिले, जॉन ब्रॅडशॉ या प्राणिशास्त्रज्ञाचे 'कॅट सेन्स', २०१३ सालचे. शास्त्रीय असून वाचनीय आहे. दुसऱ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंत पिल्लू माणसाच्या हातात खेळले, तरच ते पुढे माणसाळते. मोठी मांजरे 'म्यॉव' करतात ती बहुतेक आपल्याला उद्देशून, एकमेकांना नव्हे. हे मला त्यातच कळले. पुस्तकाबाहेरच्या दोन गोष्टी मी पदरच्या सांगितल्या. एक, मांजर पक्के मांसाहारी. त्याला लागणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांसामासळीतच मिळते. ते कमी पडले, तर डोळे आणि हृदय बिघडते. आमच्या मनीला आम्ही दूधभातावर पोसले, अशी आमची समजूत होती. वास्तविक ती वाड्यातल्या उंदरांवर जगत होती. दुसरी, मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. तेव्हा त्याआधीच डॉक्टरकडे नेऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी. शेजाऱ्यांनी दोन्ही गोष्टी खिशातल्या डायरीत टिपून घेतल्या.

ते गेल्यावर आतून आईने विचारले, "कसली एवढी पुस्तकं दिलीस?" तिला आता अक्षरे लागत नाहीत, म्हणून लेसिंगबाईंच्या शेताची हकीकत मीच सांगितली. ती वाती वळीत ऐकत होती. चाळीस मांजरांपाशी तिचा हात थांबला.

"मी गेले होते रे," ती म्हणाली.

"कुठे?"

"पुलापलीकडे. तिसऱ्या दिवशी, तू शाळेत गेल्यावर. त्या हॉटेलवाल्यालाही विचारलं."

मग तिने वात पुन्हा हातात घेतली.