सोयाबीन, शाळू आणि रेशनचा तांदूळ : भावाच्या राजकारणात आपण कुठे?

७ नोव्हेंबर हा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांचे नाव दाखल झाले. अभिवादनाचे कार्यक्रम होतात, फोटो येतात, भाषणे होतात. आणि नेमक्या याच दिवसांत कराड, कोरेगाव, वाळवा, शिराळा या भागांतले सोयाबीन बाजारात उतरत असते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. राज्यातल्या बाजार समित्यांत मात्र ४,००० ते ४,३०० च्या आसपास बोली लागत होती.

ते सोयाबीन कापायला कोण गेले होते? उक्ते घेऊन रान मोकळे करणाऱ्या बायका कोणत्या वस्तीतल्या होत्या? मळणी यंत्रावर धूळ खात उभा राहणारा आणि यार्डात पोती वाहणारा कोण? बऱ्याच गावांत उत्तर एकच आहे. तरीही भाव पडल्याची बातमी आपण 'शेतकऱ्यांचा प्रश्न' म्हणून बाजूला सारतो. आपल्याकडे जमीनच नाही, तर भावाशी आपला काय संबंध, असे आपले तरुण विचारतात. संबंध आहे, आणि तो एकाच बाजूने नाही. २०२४-२५ च्या हंगामाचा हिशोब मांडला की ते दिसते.

तेलावरचा कर वाढला, सोयाबीन का वाढले नाही?

आपला देश वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून. निम्म्याहून जास्त गरज अशी भागते. म्हणून आयात कर किती, यावर आपल्या फोडणीचा खर्च ठरतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, केंद्राने कच्च्या तेलावरचा मूळ आयात कर शून्यावरून २० टक्के केला. उपकर धरून तो २७.५ टक्के झाला. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून हे केले, असे सांगितले गेले. तेल महागले, पण सोयाबीन हमीभावाला पोचले नाही. असे का झाले?

कारण सोयाबीन हे नावाला तेलबी आहे. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघते साधारण १८ किलो. बाकी ८० किलोच्या आसपास पेंड. ती कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. समजा तेल किलोमागे २० रुपयांनी वाढले, तर क्विंटलमागे ३६० रुपये वाढतात. पण पेंड किलोमागे ५ रुपयांनी उतरली, तर क्विंटलमागे ४०० रुपये जातात. तेलात कमावले ते पेंडीत गेले.

पेंड उतरायला दोन कारणे होती. पहिले, जगात सोयाबीन उदंड झाले. एकटा ब्राझील सुमारे १७ कोटी टन पिकवतो, आपला देश सव्वा ते दीड कोटी टन. आपली पेंड जगाच्या बाजारात महाग पडते, निर्यात अडते. दुसरे कारण घरातले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यासाठी मका आणि तांदूळ कारखान्यांत जाऊ लागला. इथेनॉल काढून झाल्यावर जो चोथा उरतो, तोही पशुखाद्यच असतो आणि सोयाबीन पेंडीपेक्षा बराच स्वस्त. खाद्य बनवणाऱ्यांनी तो उचलला. मक्याच्या शेतकऱ्याला ज्या धोरणाने आधार दिला, त्याच धोरणाने सोयाबीनच्या शेतकऱ्याला खाली ओढले.

पुढच्या वर्षीचा खेळ तर एका आठवड्यात झाला. २८ मे २०२५ रोजी सोयाबीनचा हमीभाव वाढवून ५,३२८ रुपये जाहीर झाला. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या तेलावरचा मूळ कर २० वरून १० टक्क्यांवर आणला. एका हाताने आश्वासन, दुसऱ्या हाताने स्वस्त आयात. महागाईने होरपळणाऱ्या गरिबाला तेल स्वस्त मिळावे हे बरोबरच आहे. पण त्याची किंमत दरवेळी कोरडवाहू शेतकऱ्याने आणि त्याच्या मजुराने का मोजावी?

हा अनुभव नवा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजारांत सोयाबीन १०,००० रुपयांच्या वर गेले होते. त्याच महिन्यात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली, आणि डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद झाले. भाव चढला की सरकार लगेच जागे होते. भाव पडला की समित्या नेमल्या जातात.

धान्याचा दरवाजा कधी बंद, कधी उघडा

धान्याचेही तसेच. १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची झाली. जगातल्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे आफ्रिकेतल्या गरीब देशांना त्याची झळ बसली. सप्टेंबर २०२४ अखेर तांदळाची बंदी उठली आणि २०२४-२५ मध्ये सुमारे २ कोटी टन तांदूळ देशाबाहेर गेला. तरीही गोदामे भरलेलीच राहिली. इतकी, की जानेवारी २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉल कारखान्यांना क्विंटलला २,२५० रुपये दराने देण्याचे ठरले.

आता जत किंवा माण तालुक्यातले एक घर डोळ्यांसमोर आणा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून मोफत. पण मिळतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. या भागाचे पोट शाळूच्या भाकरीवर भरते. तो शाळू मजुरीच्या पैशातून विकत घ्यावा लागतो, तेल-डाळही विकतच. म्हणजे हे घर एकाच वेळी मजूर म्हणून भाव पडल्याचा मार खाते आणि गिऱ्हाईक म्हणून भाव चढल्याचा. मालकाला सोयाबीन परवडले नाही की खुरपणीचे रोज पहिल्यांदा कापले जातात. तेल महागले की कढईतले तेल पहिल्यांदा आपल्याच घरात कमी होते.

सातबारा नसलेल्याचे सोयाबीन

२०२४-२५ मध्ये राज्यात हमीभावाने सुमारे ११ लाख टन सोयाबीन खरेदी झाले. आकडा मोठा वाटतो, पण तो राज्याच्या उत्पादनाचा जेमतेम पाचवा हिस्सा. ओलाव्याची अट आधी १२ टक्के होती, ती नोव्हेंबरमध्ये १५ टक्के केली. तोवर ज्याला दिवाळीला पैसे हवे होते, त्याने माल गावातच देऊन टाकलेला होता.

केंद्रावर नोंदणीला काय लागते? पिकाची नोंद असलेला सातबारा, आधार, बँकेचे पासबुक. आपल्यातले कितीतरी जण दुसऱ्याची जमीन अर्धलीने किंवा खंडाने कसतात. बियाणे, खत, घाम त्यांचा, सातबारा मालकाचा. कूळ कायद्याच्या भीतीने मालक काही लिहून देत नाही, सगळे तोंडी चालते. मग हमीभाव, पीकविमा, नुकसानभरपाई हे सगळे त्याच्या नावावर जो रानात उतरलेलाच नाही. समजा एकरी ८ क्विंटल पिकले आणि ४,२०० ने विकले, तर हमीभावाच्या मानाने ५,५३६ रुपये गेले. निम्मा तोटा वाटेकऱ्याचा. त्याची नोंद मात्र कुठल्याच कागदावर नाही.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे ९ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा १६.६ टक्के. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच कारणासाठी. तो प्रश्न संपलेला नाही, फक्त त्यावर बोलणे थांबले आहे.

बियाणे कोणी द्यायचे?

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेती तोट्यात जाते ती केवळ तुकडे लहान म्हणून नव्हे, तर भांडवल अपुरे आणि जमिनीवर माणसांचा भार जास्त म्हणून, असे त्यांनी मांडले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर जमीन राज्याची, शेती सामुदायिक आणि बियाणे-खत-पाण्याची जबाबदारी सरकारची, ही योजना घटनेतच असावी असा आग्रह होता. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या भीमरावाला वाटेत कोणी पाणी दिले नाही, ही आठवण आपण सांगतो. पण वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते ते दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी चाललेल्या तलावाच्या कामावर, हे सांगायचे राहून जाते. भुकेचा आणि जातीचा प्रश्न त्यांना एकाच रस्त्यावर भेटला होता.

दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताची गोष्ट येते. राज्यात चोऱ्या-लुटालूट वाढलेली. पुरोहित राजाला सांगतो, शिक्षा करून हे मिटणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. अर्थकारणाचा इतका स्पष्ट धडा आपल्या धम्मात असताना, हमीभाव आणि मजुरी हे विषय विहाराबाहेर ठेवायचे कारण नाही.

आपण काय करू शकतो?

पहिले, बाजार समिती. १८ जणांच्या संचालक मंडळात ग्रामपंचायत मतदारसंघातून अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा असते, हमाल-मापाडी मतदारसंघाची एक. या जागांवर कोण बसते? गटाने उभा केलेला होयबा की आपला प्रश्न मांडणारा माणूस? आपल्या ग्रामपंचायत सदस्यांना हे मत कोणाला दिले ते विचारा.

दुसरे, रेशन. अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य देण्याची तरतूद आहे. सरकारने जत-माणचा शाळू हमीभावाने घ्यावा आणि तिथल्याच रेशन दुकानात द्यावा, ही मागणी शेतकरी आणि मजूर दोघांच्या फायद्याची आहे. दक्षता समितीत आपला माणूस हवा.

तिसरे, वाटेकऱ्याची नोंद. जमिनीच्या मालकीला धक्का न लावता हंगामापुरती कसणाऱ्याची नोंद व्हावी आणि त्यावर हमीभाव व भरपाई मिळावी, यासाठी ग्रामसभेचे ठराव घ्या.

चौथे, ज्यांच्याकडे थोडे सोयाबीन आहे त्यांनी काढणीच्या गर्दीत विकू नये. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. एकट्याचे पाच क्विंटल घेऊन जाणे परवडत नाही. वस्तीतल्या दहा घरांचे एकत्र नेले तर परवडते.

पुढच्या ७ नोव्हेंबरला साताऱ्यात अभिवादन करून घरी परतताना जवळच्या यार्डात एक चक्कर मारा. फळ्यावरचा भाव वाचा, हमाली किती ते विचारा, कोणाची घट किती धरली ते पाहा, आणि संध्याकाळी विहारात त्यावर बोला.

जय भीम! नमो बुद्धाय!