इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय? एका जुन्या जर्नलचे आकडे आणि आपली निकालाची घाई



बारावीचा निकाल लागला की कॉलेजांची माहितीपत्रकं घरोघरी येऊ लागतात. आमच्या प्राध्यापकांचे इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स, इतका सरासरी इम्पॅक्ट फॅक्टर, असे आकडे त्यात ठळक छापलेले असतात. वर्षातून एकदा पेपरातही बातमी येते, 'जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या जिल्ह्यातले अमुक'. मग पालक विचारतात, "सर, आकडा मोठा म्हणजे कॉलेज चांगलं ना?"

या प्रश्नाचं सरळ 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येत नाही. म्हणून आज एका जर्नलच्या आधाराने हा आकडा उलगडून बघू. हे जर्नल जीवरसायनशास्त्राचं असलं तरी त्यातला धडा आपल्या शाळेलाही लागू पडतो, असं माझं मत आहे.

आधी शब्द समजून घेऊ

मुलांच्या प्रकल्पवहीत शेवटच्या पानावर 'संदर्भ' असतात. शास्त्रज्ञही आपल्या शोधनिबंधाच्या शेवटी अशी यादी देतात. कुणाची पद्धत वापरली, कुणाच्या निष्कर्षावर पुढचं काम उभं केलं, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या यादीत तुमच्या निबंधाचं नाव आलं की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. साधी ऋण मान्य करण्याची रीत आहे ही.

या नोंदी मोजण्याची कल्पना अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. ते मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर. कोणत्या निबंधाचा आधार पुढे कुणी घेतला हे शोधता यावं, हा त्यांचा मुख्य हेतू होता. त्यातूनच पुढे जर्नलसाठी 'इम्पॅक्ट फॅक्टर' आला.

त्याचं गणित सातवीच्या मुलालाही जमेल. समजा, एका जर्नलने २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून २०० निबंध छापले. त्या २०० निबंधांचा उल्लेख २०२४ मध्ये सगळीकडे मिळून ८०० वेळा झाला. ८०० भागिले २००, म्हणजे ४. हाच त्या जर्नलचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर. यातले दोन शब्द लक्षात ठेवा, 'दोन वर्षं' आणि 'सरासरी'. सगळी गंमत तिथेच आहे.

तीन लाख वेळा उल्लेख झालेला निबंध

'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री' (आपण याला जेबीसी म्हणू) १९०५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. सजीवांच्या शरीरातलं रसायनशास्त्र हा त्याचा विषय. १९५१ मध्ये त्यात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा एक निबंध आला. विषय काय, तर द्रावणात प्रथिनं किती आहेत हे कसं मोजायचं!

पद्धत आपल्या ओळखीतली आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात अल्कली आणि थोडं मोरचूद घातलं की जांभळा रंग येतो, तीच ही बाययुरेट चाचणी. लॉरींनी त्यापुढे फोलिनचं अभिक्रियाकारक वापरलं. त्यामुळे गडद निळा रंग येतो आणि अगदी थोडं प्रथिनही मोजता येतं. रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त.

२०१४ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकाने जगातल्या सर्वांत जास्त सायटेशन मिळालेल्या शंभर निबंधांची यादी छापली. पहिला क्रमांक याच निबंधाचा होता, ३ लाख ५ हजारांहून जास्त सायटेशन्स! दुसऱ्या क्रमांकाला लेमली यांचा १९७० चा निबंध, तिसऱ्याला ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा. त्यातल्या पद्धती कशासाठी? एक प्रथिनं वेगळी करण्यासाठी, दुसरी पुन्हा प्रथिनं मोजण्यासाठीच. आणि डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा जगप्रसिद्ध निबंध? तो पहिल्या शंभरात नव्हताच.

असं का व्हावं? कारण सायटेशन 'वापर' मोजतं, थोरवी नव्हे. प्रथिन मोजणं ही हजारो प्रयोगशाळांची रोजची गरज, त्यामुळे लॉरींचं नाव रोज लिहावं लागलं. वॉटसन-क्रिक यांचं ज्ञान मात्र इतकं मुरलं, की आता ते पाठ्यपुस्तकात आहे. 'डीएनए दुहेरी सर्पिल असतो' असं लिहिताना कुणी खाली संदर्भ देत नाही. साखर दुधात विरघळली की दिसत नाही, गोडी मात्र प्रत्येक घोटात असते, तसंच हे. लॉरी स्वतःही म्हणत, की हा काही फार थोर निबंध नाही.

दोन वर्षांची खिडकी

लॉरींच्या निबंधाचा उल्लेख १९५१ पासून आजतागायत होतो आहे. पण जेबीसीचा या वर्षीचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना त्या तीन लाखांतलं एकसुद्धा सायटेशन धरलं जात नाही. का? निबंध दोन वर्षांपेक्षा जुना आहे म्हणून!

आता जेबीसीचा प्रवास बघा. सुरुवातीच्या काळात रक्त आणि लघवीतले घटक मोजण्यावर भर होता. फोलिन आणि वू यांची रक्त तपासण्याची पद्धत १९१९ ची. १९१३ मध्ये मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी उंदरांच्या आहारातल्या चरबीत वाढीला लागणारा एक घटक असल्याचं दाखवलं, तेच पुढचं जीवनसत्त्व अ. मग अमिनो आम्लं, विकरं, समस्थानिकं वापरून केलेले प्रयोग, नंतर जनुकं, पेशींमधले संदेश आणि आता प्रथिनांचे त्रिमितीय आकार. दर वीस-पंचवीस वर्षांनी विषयांचं वारं बदललं. पण एका काळात शोधलेली मोजण्याची पद्धत पुढच्या काळातल्या लोकांनी हातात घेतली. पाया तोच, मजले नवे.

हे जर्नल आजही काम करणारे शास्त्रज्ञच संपादित करतात आणि २०२१ पासून ते कुणालाही मोफत वाचता येतं. तरीही त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २००० च्या सुमारास सातच्या वर होता आणि अलीकडे चारच्या आसपास आला आहे. म्हणजे जेबीसीचं काम निम्म्यावर आलं का? मला तसं वाटत नाही. ज्या कामाला मुरायला वेळ लागतो ते या खिडकीतून दिसतच नाही, एवढंच.

नाकारलेला निबंध आणि आपला सुब्बाराव

आकडा सोडा, माणसांचा निर्णयही चुकतो. आर्थर कॉर्नबर्ग यांनी डीएनए तयार करणारं विकर शोधलं आणि १९५७ मध्ये दोन निबंध जेबीसीकडे पाठवले. परीक्षकांनी ते नाकारले! तयार झालेल्या पदार्थाला 'डीएनए' म्हणण्यालाच काहींचा आक्षेप होता. पुढे संपादक बदलले आणि १९५८ मध्ये निबंध छापून आले. १९५९ मध्ये कॉर्नबर्ग यांना नोबेल मिळालं. पहिल्या चाचणीत मागे पडलेल्या मुलाच्या पालकांना ही गोष्ट जरूर सांगा.

दुसरी गोष्ट भारतीय माणसाची. येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, आंध्रातलं भीमावरम. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. ती १९२५ मध्ये जेबीसीतच छापून आली. जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी आजही 'फिस्के-सुब्बाराव पद्धत' प्रयोगवहीत लिहितात. याच मोजमापाच्या बळावर त्यांनी स्नायूंतलं फॉस्फोक्रिएटिन आणि पेशीचं ऊर्जाचलन असलेलं एटीपी शोधलं. एवढं करूनही हार्वर्डने त्यांना कायम केलं नाही. पुढे ते लेडर्ले या औषध कंपनीत संशोधनाचे प्रमुख झाले. फॉलिक आम्ल, मेथोट्रेक्सेट अशा कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांच्या काळात आजच्यासारखी सायटेशन्स मोजली जात नव्हती. पण ज्यांनी त्यांना पारखायचं होतं, त्यांनी तरी काम नीट पाहिलं का?

सरासरीचा घोटाळा

वर्गाची सरासरी ७० टक्के आली म्हणून प्रत्येक मुलाला ७० मिळाले असं आपण म्हणत नाही. जर्नलच्या बाबतीत मात्र नेमकं हेच केलं जातं. 'अमुक इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये छापलं, म्हणजे निबंध उत्तमच!'

एक उदाहरण देतो. स्फटिकांच्या रचनेवरचं 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'चं ए हे जर्नल आहे. २००८ साठी त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या जवळ होता. पुढच्याच वर्षी तो जवळजवळ पन्नास झाला! सगळ्या लेखकांची प्रतिभा एका वर्षात पंचवीस पट वाढली का? नाही. जॉर्ज शेल्ड्रिक यांच्या शेलएक्स या संगणकप्रणालीवरच्या एकाच निबंधाला हजारो सायटेशन्स मिळाली आणि शेजारच्या सगळ्यांची सरासरी वर गेली. वर्गात एकाला हजार मार्क मिळाले, तर बाकीचे हुशार झाले असं होत नाही ना?

सायटेशन्सची वाटणीही फार विषम असते. 'नेचर'च्या त्याच पाहणीत सुमारे ५ कोटी ८० लाख नोंदींपैकी हजारावर सायटेशन्स मिळालेले निबंध फक्त साडेचौदा हजार होते. अशा ठिकाणी सरासरी फारसं काही सांगत नाही. म्हणूनच २०१२ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी एक जाहीरनामा तयार केला. एखाद्या शास्त्रज्ञाचं किंवा निबंधाचं मोल ठरवण्यासाठी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आकडा बक्षीस झाला की काय होतं

आपल्याकडे उलटं घडलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत शोधनिबंधाला इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव गुण ठेवले गेले. गुणांवर नेमणूक अवलंबून म्हटल्यावर काय होणार? पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स उगवली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकावी लागली. पीएचडीसाठी निबंध छापलाच पाहिजे ही सक्तीही २०२२ मध्ये काढून टाकली. माझ्या मते ते बरंच झालं. छापण्यासाठी लिहिलेलं आणि सांगण्यासारखं आहे म्हणून लिहिलेलं, यात फरक असतोच.

पण प्राध्यापकांकडे बोट दाखवून आपल्याला मोकळं होता येणार नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा म्हणून कच्च्या मुलाला नववीतच 'दुसरी शाळा बघा' असं सुचवणं, हा आपला इम्पॅक्ट फॅक्टरच आहे. शाळेबाहेरच्या फ्लेक्सवरचा ९८ टक्क्यांचा फोटो आणि माहितीपत्रकातला आकडा यांची जातकुळी एकच. दोन्हीकडे खिडकी छोटी, दोन्हीकडे एकाच्या जोरावर सगळ्यांची शान. एखाद्या बाईंनी चौथीत शिकवलेलं वाचन माणसाला चाळिसाव्या वर्षीही उपयोगी पडत असतं. त्याची नोंद कुठल्या निकालपत्रकात होते?

याचा अर्थ मोजूच नये असं नाही. लॉरी आणि सुब्बाराव यांच्या या पद्धती मोजण्याच्याच होत्या! पण आपण नेमकं काय मोजतो आहोत आणि काय नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निळा रंग प्रथिनाचं प्रमाण सांगतो, प्रथिनाचं काम काय ते सांगत नाही.

मग आपण काय करावं?

१. कोणताही आकडा समोर आला की मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. काय मोजलं? किती काळासाठी मोजलं? ही सरासरी कुणाची?

२. कॉलेज निवडताना पालकांनी सायटेशन्सच्या आधी प्रयोगशाळेबद्दल विचारावं. विद्यार्थी स्वतः प्रयोग करतात का? तास नियमित होतात का? जमलं तर तिथे शिकणाऱ्या दोन मुलांशी बोलून यावं.

३. प्रकल्पवहीतलं 'संदर्भ' हे पान भरण्यासाठी भरू देऊ नका. माहिती पुस्तकातून घेतली तर पुस्तकाचं नाव, आजोबांनी सांगितली तर आजोबांचं नाव, नेटवरून घेतली तर कुठून ते. 'इंटरनेट' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका.

यातला तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण कुणाकडून काय घेतलं हे प्रामाणिकपणे सांगणं, यातून सायटेशन सुरू झालं. मोजणी नंतर आली. आपल्या मुलांना मोजणीची घाई लागण्याआधी ऋण मान्य करण्याची सवय लागावी, आणि ती लावणं आपल्या हातात आहे. या वर्षीच्या प्रकल्पांपासूनच सुरुवात करूया.