विश्लेषण : ‘सर्टिफाइड हेल्थ कोच’ हे प्रमाणपत्र देते कोण? त्यातून उपचार करण्याचा हक्क मिळतो का?

‘काही आठवड्यांत सर्टिफाइड होलिस्टिक हेल्थ कोच व्हा, घरबसल्या कमवा’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर सतत दिसतात. शुल्क काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. नोकरी सुटलेले तरुण, पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या गृहिणी, जिम ट्रेनर, योगशिक्षक आणि आयुर्वेद-होमिओपॅथीचे पदवीधर असे सारेच या अभ्यासक्रमांकडे वळत आहेत. राज्यातील वैद्यकीय शिक्षणाचे विद्यापीठ, मुक्त विद्यापीठ आणि जुनी योगपरंपरा असे तिन्ही असलेल्या नाशिकमध्ये हा प्रश्न अधिक जवळचा आहे. या प्रमाणपत्राचा अर्थ काय, कायदा त्याकडे कसा पाहतो आणि पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे, याचा हा आढावा.

हेल्थ कोच नेमके काय करतो?

डॉक्टर निदान करतो आणि औषध लिहून देतो. आहारतज्ज्ञ आजार, वजन आणि तपासण्यांचे अहवाल पाहून आहार ठरवतो. हेल्थ कोचचे काम त्यानंतर सुरू होते. ठरलेला आहार, व्यायाम, झोप आणि औषधांच्या वेळा रोजच्या आयुष्यात टिकवायला तो मदत करतो. आठवड्याचे छोटे उद्दिष्ट ठरवणे, ते का जमले नाही हे विचारणे, अडथळा शोधणे आणि पाठपुरावा करणे हे त्याचे मूळ काम. ‘होलिस्टिक’ किंवा समग्र म्हणताना त्यात ताणतणाव, मन, नातेसंबंध यांचाही विचार येतो. भारतातील अभ्यासक्रमांत बहुधा योग, प्राणायाम आणि आयुर्वेदातील दिनचर्या यांचीही जोड असते.

अशा मार्गदर्शनाचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ जणांचा त्यात समावेश होता. जीवनशैली बदललेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी घटले. जीवनशैलीच्या गटातील प्रत्येकाला मार्गदर्शक दिलेला होता. सुरुवातीच्या २४ आठवड्यांत १६ सत्रे, ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम असा कार्यक्रम आखलेला होता. भारतातील अशाच अभ्यासात (२००६) जीवनशैली बदलाने धोका सुमारे २८.५ टक्क्यांनी कमी झाला.

भारतात याची गरजही मोठी आहे. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांशी दर आठवड्याला बोलायला डॉक्टरांकडे वेळ नाही. ही पोकळी खरी आहे आणि कोचिंगचा बाजार त्याच पोकळीत उभा राहिला आहे.

मात्र या अभ्यासांतील दोन गोष्टी जाहिरातींतून गळतात. एक, हे अभ्यास मधुमेह होऊ नये यासाठीचे होते. आधीच मधुमेह असलेल्यांची औषधे बंद करण्याबाबत ते काही सांगत नाहीत. दुसरी, मार्गदर्शक एकटा काम करत नव्हता. त्याच्यामागे ठरलेला अभ्यासक्रम, डॉक्टर आणि नियमित तपासण्या होत्या.

मग अडचण कुठे येते?

सल्ला आणि उपचार यांच्यातील रेषा आखायला सोपी, पाळायला अवघड आहे. ‘रात्रीचे जेवण सोडा’ हा सल्ला निरोगी माणसासाठी साधा आहे. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने तो पाळला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नारळपाणी आणि पालकाचा रस आरोग्यदायी मानले जातात. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या रुग्णाच्या शरीरात मात्र त्यामुळे पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन थांबवले, तर काही दिवसांतच जिवावर बेतते.

म्हणजे कोचने एकही गोळी लिहून दिली नाही, तरी त्याचा आहाराचा सल्ला औषधासारखा काम करतो. समोरच्याला कोणते आजार आहेत, कोणत्या गोळ्या सुरू आहेत आणि कोणत्या टप्प्यावर आपण थांबून डॉक्टरांकडे पाठवायचे, हे न शिकवणारा अभ्यासक्रम त्यामुळे केवळ अपुरा नसून धोक्याचा ठरतो.

भारतात हेल्थ कोचला कायदेशीर मान्यता आहे का?

‘हेल्थ कोच’ या नावाने स्वतंत्र नोंदणी किंवा परवाना देणारी वैधानिक परिषद देशात नाही. संसदेने २०२१ मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, पोषणशास्त्र, वर्तनविषयक आरोग्य अशा १० गटांतील व्यवसाय त्याच्या कक्षेत आहेत. आहारतज्ज्ञ, पोषणतज्ज्ञ, मधुमेह शिक्षक आणि आजारविषयक समुपदेशक यांचा उल्लेख त्यात आहे. हेल्थ कोचचा नाही.

या कायद्याने शिक्षणाचे मोजमापही दिले आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांची पदवी अपेक्षित आहे. काही आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम याच्या शेजारी ठेवला, की अंतर लक्षात येते.

ऑनलाइन शिक्षणाबाबत यूजीसीची भूमिका काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये या कायद्याखालील आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. मानसशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स यांचा त्यात समावेश आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा निर्णय लागू झाला. रुग्णाशी प्रत्यक्ष संबंध येणारे काम प्रात्यक्षिकाशिवाय शिकता येत नाही, असा त्यामागचा विचार.

त्यातून विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाला पोषणशास्त्राची पदवी ऑनलाइन देता येत नाही. खासगी संस्था मात्र ‘न्यूट्रिशन अँड वेलनेस कोच’चे प्रमाणपत्र ऑनलाइन देऊ शकते, कारण ती पदवी देतच नाही. नियम जितका कडक, तितकी नियमाबाहेरच्या प्रमाणपत्राची वाट मोकळी, असा हा प्रकार आहे.

प्रमाणपत्र घेऊन रुग्ण तपासले तर?

महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार संबंधित नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला राज्यात वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. निदान करणे, औषध देणे, चालू औषध बंद करायला सांगणे हे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवून समर्थनीय ठरत नाही.

पदवीधर डॉक्टरांनाही आपली चौकट ओलांडता येत नाही. मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. ‘पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल’ या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, ज्या उपचारपद्धतीचे ज्ञान नाही ती वापरणारा भोंदू ठरतो, अशी भूमिका घेतली.

प्रमाणपत्र आणि अधिकार यांचा वाद किती गुंतागुंतीचा होऊ शकतो, हे नाशिकनेच पाहिले आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, म्हणजे ‘सीसीएमपी’, याच विद्यापीठाचा. त्यासाठी राज्याने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. तरीही या डॉक्टरांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये संघर्ष पेटला आणि १८ सप्टेंबर रोजी ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यभर संप केला. साडेपाच वर्षांची पदवी, सरकारी विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि कायद्यातील दुरुस्ती असूनही अधिकाराचा प्रश्न असा वादात सापडत असेल, तर ज्यामागे यातले काहीच नाही, त्या कोचिंग प्रमाणपत्राचे वजन किती, याचा अंदाज यावा.

परदेशी संस्थेचे प्रमाणपत्र असेल तर?

अमेरिकेत ‘नॅशनल बोर्ड फॉर हेल्थ अँड वेलनेस कोचिंग’ ही संस्था डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या सहकार्याने २०१७ पासून परीक्षा घेते. मान्य अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि ५० कोचिंग सत्रांचा अनुभव या तिच्या अटी आहेत. कोचने निदान करू नये, औषधोपचार सांगू नये, ही मर्यादाही तिने घालून दिली आहे. मात्र तेथेही हे प्रमाणपत्र म्हणजे डॉक्टरसारखा सरकारी परवाना नव्हे आणि भारतात तर त्यातून वैद्यकीय व्यवसायाचा कोणताही अधिकार मिळत नाही. शिक्षणाचा दर्जा पारखण्यासाठी मोजपट्टी म्हणून त्याचा उपयोग होतो. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेमागे अशी परीक्षा असते, असे नाही.

जाहिरातींवर बंधने आहेत का?

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा अशा अनेक आजारांची यादी आहे. ते बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पण हा कायदा प्रामुख्याने औषधे आणि गंडेदोरे यांच्याबाबत आहे. केवळ आहार आणि सवयींचा ‘प्रोग्रॅम’ विकणाऱ्या कोचला त्यात बसवणे सोपे नाही.

तेथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ कामी येतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तोच प्रकार केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. आरोग्यविषयक इन्फ्लुएन्सर्ससाठी ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्यांनी ते स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. तज्ज्ञ म्हणून वावरणाऱ्या इतरांनी आपला सल्ला वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही, असे नमूद करायचे आहे. पाणी प्या, पुरेशी झोप घ्या, हळदीचे दूध घ्या असा सर्वसाधारण सल्ला या बंधनातून वगळला आहे. विशिष्ट आजार किंवा उत्पादनाशी तो जोडला, की सूट संपते.

नाशिकच्या विद्यार्थ्यांसमोर कोणते पर्याय आहेत?

पहिला पर्याय, ज्या व्यवसायाला कायद्यात नाव आहे त्याचे पूर्ण शिक्षण घेणे. पोषणशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा आयुर्वेदाची साडेपाच वर्षांची बीएएमएस ही पदवी हे असे मार्ग. त्यानंतर कोचिंगचे प्रशिक्षण घेतल्यास पाया पक्का राहतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे अभ्यासक्रम संलग्न संस्थांमार्फत चालतात. कोणत्या संस्थेला कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे, याची खात्री थेट विद्यापीठाकडून करता येते.

दुसरा पर्याय योगाचा. नाशिकच्या योग विद्या धामचे विश्वास मंडलिक यांना योगप्रसारासाठी २०१८ मध्ये पंतप्रधानांचा पुरस्कार मिळाला होता. आयुष मंत्रालयांतर्गत योग प्रमाणन मंडळ योगशिक्षकांच्या परीक्षा घेते. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरसाठी २००, तर वेलनेस इन्स्ट्रक्टरसाठी ४०० तासांचा अभ्यासक्रम आहे. योग शिकवण्याची पात्रता त्यातून सिद्ध होते, उपचाराचा अधिकार नाही.

तिसरा पर्याय खासगी कोचिंग अभ्यासक्रमाचा. तो बेकायदा नाही. संवादकौशल्य, सवयी बदलण्याचे तंत्र, पाठपुराव्याची पद्धत अशा गोष्टी त्यातून शिकता येतात. जिम, कंपन्यांचे आरोग्य उपक्रम किंवा डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये सहायक म्हणून त्याचा उपयोग होऊ शकतो. स्वतंत्रपणे आजार बरे करण्याचे लायसन्स म्हणून तो विकला जात असेल, तर मात्र सावध व्हावे.

शुल्क भरण्यापूर्वी काय तपासावे?

प्रमाणपत्रावर कोणाचे नाव असेल, हे लेखी मागावे. विद्यापीठ, सरकारी मंडळ की फक्त ती संस्था, यावर बरेच काही ठरते. कंपनीची नोंदणी, आयएसओ किंवा एमएसएमईचा शिक्का म्हणजे अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाचे तास किती, परीक्षा कोण घेते, शिकवणाऱ्यांची पात्रता काय, शुल्क परत मिळण्याचा नियम कोणता, हेही विचारावे. अभ्यासक्रमात ‘काय करू नये’ आणि ‘डॉक्टरांकडे कधी पाठवावे’ यावर स्वतंत्र धडा आहे का, ते पाहावे. प्रशिक्षणानंतर एखाद्या कंपनीच्या पावडरी आणि सप्लिमेंट विकण्याची अट असेल, तर ते शिक्षण नसून विक्रीचे जाळे असण्याची शक्यता अधिक.

कोचकडे जाणाऱ्या रुग्णासाठी नियम सोपा आहे. सुरू असलेल्या औषधांची यादी कोचला दाखवावी आणि त्याने दिलेला आहार आपल्या डॉक्टरांना दाखवावा. यातल्या एकाही गोष्टीला कोचने आडकाठी केली किंवा गोळ्या बंद करायला सांगितले, तर त्या क्षणी थांबावे.

पुढे काय?

सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात मधुमेह शिक्षक आणि समुपदेशकांना स्थान मिळाले आहे. त्याच धर्तीवर हेल्थ कोचची व्याख्या, किमान तास आणि कामाची मर्यादा ठरवता येईल. तोपर्यंत ‘सर्टिफाइड’ या शब्दामागे कोण उभे आहे हे शोधण्याची जबाबदारी विद्यार्थी आणि रुग्ण या दोघांवरच राहणार आहे. विद्यार्थ्याचे यात पैसे आणि वर्ष जाते, रुग्णाचे त्याहून बरेच काही जाऊ शकते.